इलिनॉयमध्ये कोंडी कोर्टाने केली होती

तेव्हाचे गव्हर्नर पॅट क्विन ठाम राहिले असते तर अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात लपवून पिस्तूल बाळगू देणारा कायदा झालाच नसता, असं तुम्ही म्हणता. मला वाटतं इथे गल्लत होतेय. क्विन यांनी व्हेटो (नकाराधिकार) वापरला होताच! पण तोवर चेंडू त्यांच्या हातात राहिला नव्हता.

डिसेंबर २०१२ मध्ये फेडरल अपील कोर्टाने बंदूक घेऊन बाहेर फिरण्यावरची राज्याची सरसकट बंदी घटनाबाह्य ठरवली आणि नवा कायदा करायला १८० दिवस दिले. मुदत वाढून ९ जुलै २०१३ वर आली. तोवर कायदा झाला नाही तर जुनी बंदी जाणार आणि तिच्या जागी काहीच नसणार. म्हणून बंदुकांना विरोध असलेल्या शिकागोच्या काही आमदारांनाही नाक मुठीत धरून 'हो' म्हणावं लागलं.

क्विन यांना अंगावर एकच पिस्तूल, मॅगझिनमध्ये जास्तीत जास्त दहा गोळ्या आणि दारू मिळते तिथे पूर्ण बंदी हवी होती. शेवटच्या दिवशी राज्य विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी, हाउसने ७७-३१ आणि सिनेटने ४१-१७ मतांनी, व्हेटो उडवला. दारूची विक्री एकूण धंद्याच्या निम्म्याहून जास्त असेल तिथेच बंदी, ही विधेयकातली मूळ तरतूद राहिली. (म्हणजे पिझ्झाबरोबर बिअर देणाऱ्याकडे चालतं!)

दुकानांच्या दारावरचं ते चार बाय सहा इंची स्टिकर, काळं पिस्तूल आणि त्यावर लाल काट, तेही याच कायद्यातलं. मालकाला बंदूक आत नको असेल तर ते लावावं लागतं.