टिंब कुठे द्यायचं, कुठे नाही? (नोटीस, पत्रिका, बॅनर)

पारावरचा_टायपिस्ट
दारव्हा तालुक्यात टायपिंगचं काम करतो. ग्रामसभेच्या नोटिसा, लग्नपत्रिका, बॅनर. गिऱ्हाईक लिहून आणतं त्यात एकाच कागदावर 'शेतकऱ्याना' पण असतं आणि 'शेतकऱ्यांना' पण. 'नांव' की 'नाव'? 'सरपंचाच्या हस्ते' की 'सरपंचांच्या'? "नाकातून आवाज आला की टिंब" हे शाळेतलं सूत्र कांदा, वांगी, आंबा इथपर्यंत ठीक आहे. पण 'शेतकऱ्यांचा' म्हणताना आपल्याकडे नाकातून बोलतं कोण? कानावर न विसंबता ठरवायचा काही उपाय आहे का?

समास_सोडून
कान बाजूला ठेवा, आकडा मोजा. नाम किंवा सर्वनाम अनेकवचनी असेल आणि त्याला प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय जोडले असेल, तर जोडाच्या आधीच्या अक्षरावर टिंब. शासनाने १९६२ साली मान्य केलेल्या लेखननियमांत हेच आहे.

'ना' आणि 'नी' सोपे आहेत. एकवचनाला 'ला' आणि 'ने' लागतात, म्हणून 'शेतकऱ्याना' असे रूपच होत नाही. खरी चूक चा, ची, त, वर, साठी, पासून इथे होते, कारण हे दोन्ही वचनांना सारखेच लागतात. 'विहिरीचे पाणी' म्हणजे एक विहीर, 'विहिरींचे पाणी' म्हणजे अनेक. 'गेल्या वर्षापासून' पण 'पाच वर्षांपासून'. '५०० रुपयांचा दंड', 'तीन गावांत'. आधी आकडा दिसला की थांबून बघायचेच. कापूस, तूर, सोयाबीन मात्र कितीही क्विंटल असो, एकवचनीच: 'कापसाचा भाव', 'तुरीची खरेदी'.

आता उलटी चूक, म्हणजे जास्तीचे टिंब. विशेषणावर ते येत नाही ('मोठ्या शेतकऱ्यांना', 'मोठ्यां' नाही). मधल्या 'च्या'वरही नाही: 'शेतकऱ्यांच्या मुलांना', 'त्यांच्याकडे'. 'त्यांच्यांकडे' हे बॅनरवर फार दिसते.

नांव, गांव, पांच, कांही, नाहीं, जेव्हां ही जुनी वळणे आहेत. त्या टिंबांचा उच्चार आज होत नाही, त्याच नियमांनी ती काढली. अर्जाचे छापील नमुने जुन्यावरून नवे काढत राहतात, म्हणून 'अर्जदाराचे नांव' अजून मरत नाही. तुम्ही 'नाव'च टाका.

तुरीच्या_शेंगा
भाऊ, वऱ्हाडीत नाकातून बोलत नाही हे खरं, पण वऱ्हाडी अनेकवचन लपवत नाही. एक असला तर 'शेतकऱ्याले', 'शेतकऱ्याचा'. अनेक असले तर 'शेतकऱ्यायले', 'शेतकऱ्यायचा'. वाक्य मनात वऱ्हाडीत म्हणून पाहा. मधात 'य' आला की प्रमाण मराठीत त्या जागी टिंब: 'पोरायनं' म्हणजे 'पोरांनी', 'घरायवर' म्हणजे 'घरांवर'. मानाचं माणूसही यातच सापडतं. 'सरपंचायनं सांगतलं' म्हणतो ना आपण? मग सरपंच एकच असला तरी 'सरपंचांनी', 'सरपंचांच्या हस्ते'.

समास_सोडून
ही युक्ती झकास. एक पुस्ती: 'आम्हांला', 'तुम्हांला' यांवर नियमाने टिंब हवे, पण आज बहुतेक छापील मजकुरात ते दिसत नाही. कुठलेही एक धरा आणि सगळीकडे तेच ठेवा.

अक्षता_कार्ड्स
पत्रिकेपुरतं सांगते. 'चि. सौ. कां.' मधलं टिंब सोडू नका, ते 'कांक्षिणी'चं आहे. आईवडिलांच्या नावापुढे 'यांचे' किंवा 'यांची'च. 'श्री. व सौ. पाटील याचे' छापलं तर घरची मोठी माणसं रागावणार, आणि त्यांचं चुकत नाही. नवरदेवाला 'याचा' चालतं, 'यांचा' पण चालतं, मात्र वर 'याचा' आणि खाली स्वागत समारंभात 'यांचा' असं नको. नवरीला 'हिचा'. 'केले' आणि 'केलं' दोन्ही बरोबर, पण नोटिशीत 'केले', आणि कुणाच्या तोंडचं वाक्य असेल तिथे 'केलं'.

पारावरचा_टायपिस्ट
वऱ्हाडीची युक्ती लगेच लागू पडली, धन्यवाद दोघांनाही आणि ताईंनाही. आता 'पंडित' की 'पण्डित'? आणि कधी कधी टिंबाखाली ठिपक्यांचा गोल उमटतो, तो कशानं?

समास_सोडून
'पंडित'च लिहा. 'पण्डित' फक्त संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या शब्दांना चालते, तेही ऐच्छिक. 'दंगा', 'संप', 'बँक' यांना ती सोय नाही. य, र, ल, व, श, ष, स, ह यांच्या आधी तर टिंबच: संयम, संरक्षण, संस्था. अर्थ बदलत असेल तिथे मात्र जोडाक्षर कामाचे: 'वेदान्त' हे तत्त्वज्ञान, 'वेदांत' म्हणजे वेदांमध्ये.

गोल येतो तो क्रम चुकल्याने. आधी काना किंवा मात्रा, मग टिंब. 'यां' साठी य, काना, टिंब. इनस्क्रिप्ट या कळफलकाच्या मांडणीत टिंब इंग्रजी एक्सच्या कळीवर आहे, शिफ्ट धरून तीच दाबली की चंद्रबिंदू. 'सर्वांना', 'कार्यकर्त्यांनी' यांत रफार आणि टिंब शेजारी येतात. लहान अक्षरात ते एकमेकांत मिसळतात, म्हणून छपाईला देण्याआधी २०० टक्के मोठे करून बघा.

आणि आडनावांना, गावांच्या नावांना यातला एकही नियम लावू नका. ज्याच्या कागदपत्रावर 'नांदगांव' आहे, त्याच्या अर्जात 'नांदगांव'च राहू द्या, नाहीतर पडताळणीत कागद परत येतो.