वेबसाइटला आपल्या स्क्रीनवरचं काय दिसतं? अनुभव लिहा

केतकी_न
भाचीच्या ऑनलाइन परीक्षेचा विषय निघाला आणि २०२० आठवलं. लेकीचा पेपर चालू होता, मी ओट्याशी. आतून रडवेला आवाज, "आई, मला वॉर्निंग आली!" लॅपटॉपवर अपडेटची चौकट आपोआप उघडली आणि परीक्षेच्या साइटने नोंद केली, 'पानाबाहेर गेलात'. त्यांना आपली अख्खी स्क्रीन दिसते, असं घरात सगळ्यांनी धरून चाललो. पान समोर आहे की मागे, फोकस सुटला का (म्हणजे आपण दुसऱ्या खिडकीत गेलो का), एवढंच ब्राउझर सांगतो. वर काय उघडलं ते नाही. हे खूप नंतर कळलं. तोवर पोरीने उरलेले पेपर जीव मुठीत धरून दिले, त्याचं अजून वाईट वाटतं. तुमचे अनुभव लिहा.

मुळशीकर
फोनवरून पेपर देणाऱ्यांचे तर जास्त हाल. मध्येच कॉल आला की संपलं.

सुमेधा७
वेगळाच अनुभव. कर्जाचा फॉर्म अर्धवट भरून बंद केला. सबमिट केलाच नव्हता. तासाभरात फोन, "मॅडम, लोन हवंय ना?" नंबर कसा गेला???

राघव_कोड
@सुमेधा७ त्यांच्या पानावर टाइप केलेलं प्रत्येक अक्षर साइटला तेव्हाच वाचता येतं. सबमिटचं बटण फक्त आपल्या समाधानाला. २०२२ मध्ये युरोपातल्या संशोधकांनी एक लाख मोठ्या साइट्स तपासल्या. युरोपातून उघडल्यावर १,८४४ साइट्सवर ईमेल सबमिटच्या आधीच तिसऱ्याकडे जात होता. माउस कुठे थांबला, किती खाली स्क्रोल केलं, हेही नोंदवतात.
शेजारच्या टॅबमधलं मात्र दिसत नाही. ती भिंत १९९५ च्या नेटस्केप २ या जुन्या ब्राउझरपासून आहे. तिलाही एक भोक होतं. आधी उघडलेली लिंक जांभळी होते ना, तो रंग विचारून साइट ओळखायची तुम्ही आधी कुठे गेला होतात ते. २०१० मध्ये फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या डेव्हिड बॅरन यांनी उपाय मांडला. तेव्हापासून कुठलीही लिंक असो, ब्राउझर साइटला 'पाहिलेली नाही' असंच सांगतो.

सुमेधा७
बाप रे. आता आधी वहीत लिहीन, मग ठरवीन.

शरद_काका
माझं थोडं विषयांतर. आमच्या सोसायटीतल्या एका आजींना फोन आला, आज रात्री वीज कापणार, हे अ‍ॅप टाका. अ‍ॅप स्क्रीन शेअर करणारं. ओटीपी येत गेले, समोरचा वाचत गेला. पेन्शनचे पैसे गेले हो. साइटला जे कधीच दिसत नाही ते अशा अ‍ॅपला सगळं दिसतं. रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच अशा अ‍ॅपबद्दल सावध केलं होतं. घरच्या म्हाताऱ्यांना सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा फोन नंबर पाठ करून द्या, कृपया.

केतकी_न
काका, आजी कशा आहेत आता?

शरद_काका
सावरल्या. पण फोन उचलायला घाबरतात.

म्युनिकची_मेघा
इन्कॉग्निटोने (ब्राउझरच्या खासगी खिडकीने) साइटपासून फारसं काही लपत नाही हेही लिहा कुणीतरी. आयपी (इंटरनेटवरचा आपला पत्ता), स्क्रीनचं माप, टाइमझोन, ब्राउझरची भाषा सगळं जातंच. माझी भाषा मराठी. जर्मन टाइमझोनमध्ये मराठी ब्राउझर असलेले आम्ही कितीसे? नाव न विचारता ओळखू येऊ.

मुळशीकर
तरी मराठीच ठेवा ताई!

म्युनिकची_मेघा
ठेवलीच आहे :) लेकाला देवनागरी दिसत राहायला हवी.

गौरी_प
माझा भाऊ पण म्युनिकला. तिथे गणपतीला मोदकाचं पीठ कुठे मिळतं?

म्युनिकची_मेघा
इंडियन स्टोअरमध्ये तांदळाची पिठी मिळते. व्यनि करते.

अवनी_र
वाचतेय. लॅपटॉपवर एका साइटला मागे कॅमेऱ्याची परवानगी दिली होती, ती काढायची कुठून?

राघव_कोड
पत्त्याच्या पट्टीत साइटच्या नावाच्या डावीकडे चिन्ह आहे, तिथे क्लिक. कॅमेरा, माइक, लोकेशन सगळ्या परवानग्या दिसतील. स्क्रीन दाखवायची परवानगी मात्र तिथे साठत नाही, ती दर वेळी नव्याने विचारावीच लागते.