मदत हवी आहे: क्यूपीएसके रिसीव्हर सकाळी चालतो, दुपारी अर्धे बिट चूक (तातडीचं)

पोट्टा_आठव्या_सेमचा (शुक्रवार, रात्री ११:४०)
डोकं फुटायची वेळ आली आहे. फायनल इयरचा प्रोजेक्ट, क्यूपीएसके लिंक (रेडिओ लहरीच्या चार फेज, दर सिम्बॉलला दोन बिट). पाठवायला कॉलेजचा प्लूटो (कॉम्प्युटरला जोडायचा छोटा रेडिओ), घ्यायला आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीवरचा रेडिओ रिसीव्हर). सकाळी सगळं झकास, दहा हजारात एखादा बिट चुकतो. दुपारी तोच कोड, तीच फाइल आणि बीईआर (चुकलेल्या बिटांचं प्रमाण) ०.५. तीन दिवस हेच. चुका दुरुस्त करणारा कन्व्होल्यूशनल कोड लावला, व्हिटर्बी अल्गोरिदमने डिकोड केलं, तरी ढिम्म. गाइड म्हणतात चॅनल खराब असेल. मंगळवारी व्हायवा आहे. कृपया थिअरी नको, नेमकं काय बदलू तेवढं सांगा.

काटोल_रोडवरचा
फ्रिक्वेन्सी किती? सिम्बॉल रेट किती? अंतर? ज्योतिष सांगायला नाही बसलो बे आम्ही.

पोट्टा_आठव्या_सेमचा
सॉरी. ८६६ मेगाहर्ट्झ. सेकंदाला २५ हजार सिम्बॉल, सॅम्पल रेट अडीच लाख. लॅब ते हॉस्टेल, मधे एक ग्राउंड.

शॅननचा_भक्त
व्हिटर्बीचा अल्गोरिदम १९६७ चा. कधीपर्यंत तेच कवटाळून बसणार? एलडीपीसी लाव, चुका दुरुस्त करणारा त्याहून तगडा कोड. गॅलॅगरने १९६० च्या सुमारास मांडला, लोक तीसेक वर्षं विसरले आणि आज ५जीचा डेटा त्याच्यावरच चालतो. चॅनलमधून बिनचूक किती माहिती जाऊ शकते, त्या शॅननने १९४८ मध्ये आखलेल्या मर्यादेच्या अगदी जवळ जातो. तुझा प्रश्न एका रात्रीत सुटेल.

जुनं_ते_सोनं
भक्तसाहेब, नासाचं व्हॉयेजर यान आंतरतारकीय अवकाशात गेलं ते सात लांबीच्या कन्व्होल्यूशनल कोडवर, वर रीड-सॉलोमन हा दुसरा कोड. आणि इथे पोराची लिंक एक ग्राउंड पार करत नाही. कोडचा काय संबंध?

शॅननचा_भक्त
व्हॉयेजरला तेव्हा दुसरं काही मिळत नव्हतं म्हणून. बैलगाडीने काशीला जाऊन आले म्हणून आजही बैलगाडीच घ्यायची का?

जुनं_ते_सोनं
०.५ म्हणजे नाणं उडवल्यासारखं. आत जर काहीच माहिती येत नसेल तर एलडीपीसी काय आकाशातून काढणार?

मनीषनगर_२०११
एवढा त्रास कशाला घेता? आमच्या सोसायटीत फायबर घेतलं, तेव्हापासून एकदाही नेट गेलं नाही. हॉस्टेलला अर्ज द्या.

काटोल_रोडवरचा
😂 मनीषनगरवाले, हा नेट लावून नाही राहिला.

नियमावली
८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झमध्ये परवाना लागत नाही, पण ट्रान्समीटर १ वॅटच्या आत आणि कॅरिअरची बँडविड्थ २०० किलोहर्ट्झच्या आत हवी. आधी ते बघितलंत का?

पोट्टा_आठव्या_सेमचा
प्लूटो मिलिवॅटमध्ये पाठवतो हो सर. माझा प्रश्न वेगळा आहे.

बर्डीचा_डिस्कवाला
मी नागपुरात बर्डीवर हार्डडिस्कमधला डेटा काढायचं काम करतो. तुमच्या वायरलेसवाल्यांना वाटतं की गडबड फक्त हवेत होते. डिस्कवरच्या बिटांचे पल्स एकमेकांवर इतके चढलेले असतात की हेड थेट शून्य-एक वाचूच शकत नाही. १९९० मध्ये आयबीएमने डिस्कमध्ये पीआरएमएल आणलं. बिटांची सगळ्यात शक्य असलेली माळ कोणती, ते शोधायचं. तोच तुमचा व्हिटर्बी. सांगायचं हे की प्रत्येक सेक्टरच्या आधी एक ठरलेला नमुना लिहिलेला असतो, त्यावर घड्याळ जुळवायचं आणि मगच डेटा वाचायचा. तू फाइलच्या आधी काय पाठवतोस?

पोट्टा_आठव्या_सेमचा
काही नाही. सरळ फाइल. पुन्हा पुन्हा.

सुगरण_प्रतापनगर
डिस्कवाले दादा, विषय निघालाच आहे तर विचारते. माझी एक्स्टर्नल डिस्क टक-टक आवाज करते. त्यात मुलाच्या मुंजीचे फोटो आहेत. फ्रीजरमध्ये ठेवली की चालते असं जाऊबाई म्हणतात.

बर्डीचा_डिस्कवाला
ताई, फ्रीजरमध्ये मुळीच नको. बाहेर काढल्यावर आत दव धरतं, मग मलाही काही करता येत नाही. पुन्हा लावूच नका, टक-टक म्हणजे बहुतेक हेड गेलं आहे. वेगळा धागा काढा, सविस्तर लिहितो.

कॉस्टास_काकू
सॅटेलाइट मोडेमवर पंचवीस वर्षं काढली आहेत, म्हणून मधे बोलते. बाळा, दुपारचं कॉन्स्टलेशन (आलेल्या सिम्बॉलांच्या ठिपक्यांचं चित्र) कसं दिसतं? रांगोळी सांडल्यासारखं, की ठिपके उमटतात?

पोट्टा_आठव्या_सेमचा
चार ठिपके दिसतात. सकाळपेक्षा फुगीर, पण चारच. म्हणून तर समजत नाही.

कॉस्टास_काकू
हे पहिल्या पोस्टमध्ये यायला हवं होतं. डिफरन्शियल एन्कोडिंग (माहिती लागोपाठच्या सिम्बॉलांमधल्या फरकात) आहे? ग्रे मॅपिंग (शेजारच्या सिम्बॉलांत एकाच बिटाचा फरक)? आणि दर वेळी रिसीव्हर नव्याने सुरू करतोस का?

पोट्टा_आठव्या_सेमचा
तिन्ही हो. सगळेच करतात म्हणून लिहिलं नाही.

कॉस्टास_काकू
डोंगल कुठे ठेवला आहेस?

पोट्टा_आठव्या_सेमचा
हॉस्टेलच्या गच्चीवर, टिनाच्या डब्यात. अँटेना डब्याबाहेर आहे.

काटोल_रोडवरचा
नवतपात, नागपुरात, गच्चीवर, टिनाच्या डब्यात! पापड भाजून राहिला का बे?

पोट्टा_आठव्या_सेमचा
मागच्या आठवड्यात अवकाळी आला होता. डोंगल माझा स्वतःचा आहे, भिजला तर कोण देणार?

कॉस्टास_काकू
मग नीट वाच. थिअरी नको म्हणालास, पण थोडी पोटात घालावी लागेल.

क्यूपीएसकेचं चित्र ९० अंशांनी फिरवलं तरी तसंच दिसतं. त्यामुळे दर सिम्बॉलला ते नेमकं ९० अंश फिरत असलं तरी कॉस्टास लूपला (रिसीव्हरचा फ्रिक्वेन्सी-फेज जुळवणारा भाग) वाटतं की आपण कॅरिअर, म्हणजे सिग्नलची मूळ लहर, पकडला. याला खोटं लॉक म्हणतात. दोन्ही टोकांच्या फ्रिक्वेन्सीतला फरक सिम्बॉल रेटच्या पावाजवळ गेला की हे होतं. तुझ्याकडे पाव म्हणजे ६,२५० हर्ट्झ. ८६६ मेगाहर्ट्झवर १ पीपीएम (दहा लाखात एक) म्हणजे ८६६ हर्ट्झ, म्हणजे सव्वासात पीपीएम सरकलं की संपलं. तापलेल्या डब्यात डोंगलची फ्रिक्वेन्सी ठरवणाऱ्या साध्या क्रिस्टलला तेवढं सरकणं अवघड नाही. सकाळी सुरू करून तसंच ठेवलं असतंस तर लूप हळूहळू सरकणाऱ्या कॅरिअरच्या मागे गेलाही असता. तू दुपारी नव्याने सुरू करतोस आणि तो जवळच्या खोट्या जागी जाऊन बसतो. ठिपके फुगतात, कारण सिग्नल मॅच्ड फिल्टरच्या (सिग्नलच्या मापाची चाळणी) मधोमध राहिलेला नसतो.

आता ०.५ चं. कागदावर ००, ०१, ११, १० असं गोल लिही आणि प्रत्येकाला एक घर पुढे सरकव. दर वेळी दोनातला एकच बिट बदलतो. डिफरन्शियलमध्ये तुझा प्रत्येक सिम्बॉल असाच एक घर सरकला आहे. म्हणजे दर जोडीत एक बिट चूक, एक बरोबर. त्यात नशिबाचा काही भाग नाही.

तपासून बघ: चुका जोडीजोडीने छाप. नॉइज असता तर काही जोड्यांत दोन, काहींत शून्य चुका आल्या असत्या. इथे सगळीकडे एकच येईल. मग फिल्टरच्या आधी सॅम्पल चौथ्या घातापर्यंत न्यायचे, एफएफटी (कोणत्या फ्रिक्वेन्सी आहेत ते दाखवणारं गणित) घ्यायची. मॉड्युलेशन निघून जातं आणि फरकाच्या चौपटीवर एक शिखर उभं राहतं. चारने भाग, तेवढं आधीच वजा कर, मग पुढचं सगळं.

जुनं_ते_सोनं
काकू, वाह. भक्तसाहेब वाचताय ना?

शॅननचा_भक्त
वाचलं. एलडीपीसी लावू नये असं त्यात कुठे लिहिलं आहे?

काटोल_रोडवरचा
एवढ्या एफएफट्या कायले? टीसीएक्सओवाला (तापमानाने फारसं न सरकणारं क्रिस्टल) डोंगल घे, १ पीपीएम. विषय खतम.

कॉस्टास_काकू
आणि प्लूटो? त्याचं क्रिस्टल २५ पीपीएमचं आहे. एकच टोक बांधून भागत नाही. डिस्कवाले म्हणतात तो ठरलेला नमुनाही फाइलच्या आधी घाल. लॉक खरं की खोटं ते तिथेच कळेल.

पोट्टा_आठव्या_सेमचा (शनिवार, दुपारी २:५०)
गच्चीवरूनच लिहितोय, लॅपटॉपला हात लावता येत नाहीये. पहिल्या दोनशे जोड्या छापल्या. १९८ जोड्यांत एकच चूक. मग चौथा घात. शिखर २५,६४० हर्ट्झवर, म्हणजे फरक ६,४१०. तो वजा करून पुन्हा चालवलं: दहा हजारात ३ चुका, व्हिटर्बीनंतर शून्य. काकू, तुमच्या पाया पडतो.

कॉस्टास_काकू
पाया नंतर पड, आधी सावलीत जा. डबा तिथेच राहू दे आणि सकाळी सातपासून दर तासाला तो फरक मोजून तापमानासमोर मांड. रिपोर्टमध्ये ते पान हवंच.

सुगरण_प्रतापनगर
दादा, वेगळा धागा काढला आहे. प्लीज बघा.

पोट्टा_आठव्या_सेमचा
गाइडना फोन करून सांगितलं. म्हणाले, "मी पहिल्या दिवसापासून म्हणत होतो, चॅनल खराब आहे."