दुखत नाही म्हणून सोडून देऊ नका

वर ताईंनी लिहिलंय, मुलाचा कान अधूनमधून वाहतो पण दुखत नाही, म्हणून थेंबांवर भागवतोय. ताई, हा कोलेस्टिॲटोमा (कानाच्या पडद्यामागे त्वचेची पिशवी वाढण्याचा आजार) असू शकतो, आणि त्यात दुखणं बरेचदा नसतंच! पडद्याच्या वरच्या भागात खळगा पडतो, त्यात त्वचेचे पापुद्रे साठतात आणि शेजारची ऐरण, रिकीब ही चिमुकली हाडं पोखरली जातात. (नावावरून वाटलं तरी कोलेस्टेरॉलशी, खाण्यापिण्याशी संबंध नाही.) माझ्या भावाच्या उशीच्या अभ्र्याला कुजकट वास यायचा, आई रोज धुवायची. निदान झालं ते मायक्रोस्कोपखाली कान साफ केल्यावर. थेंबांनी वाहणं थांबतं, पिशवी आत तशीच राहते. कानाच्या डॉक्टरांकडे जा, श्रवणचाचणी करा, गरजेप्रमाणे सीटी स्कॅनही. चक्कर आली किंवा तोंड वाकडं झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.