गणपतीच्या आधी वडिलांच्या फोनमध्ये जागा करायची आहे. आधी काय, नंतर काय?

बिबवेवाडीकर:
१२८ जीबीचा अँड्रॉइड फोन आहे, जेमतेम ३ जीबी उरलेत. कॅमेऱ्याचे फोटो-व्हिडिओ ५८ जीबी, व्हॉट्सॲप ३१, बाकी ॲप १५ आणि सिस्टिम २१. गूगलची फुकट १५ जीबी जागाही भरली आहे. ६४ जीबीचा पेनड्राइव्ह ओटीजीने, म्हणजे फोनला पेनड्राइव्ह जोडायच्या छोट्या केबलने, लावून पाहिला. फोटो जातात, पण मागच्या विसर्जन मिरवणुकीचा ५.२ जीबीचा व्हिडिओ अर्ध्यावर थांबतो. पेनड्राइव्ह तर रिकामाच आहे, फोनमधूनच फॉरमॅट केलेला. एकही फोटो न गमावता जागा कशी करावी?

सदाशिव पेठ:
पेनड्राइव्ह बिघडलेला नाही. फोनमधून फॉरमॅट केला की तो बहुतेक वेळा फॅट३२ या जुन्या फाइल सिस्टिमचा होतो आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावतच नाही, मग आत कितीही जागा असो. कॉम्प्युटरला लावा, ड्राइव्हवर राइट क्लिक, 'फॉरमॅट', फाइल सिस्टिम 'एक्सफॅट' निवडा. त्याने आतलं सगळं पुसलं जाईल, तेव्हा आत्तापर्यंत चढवलेले फोटो फोनमध्ये अजून आहेत ना, हे आधी बघा.

पण ५८ आणि ३१ जीबी ६४ जीबीत बसणार नाहीत. १ टीबीची पोर्टेबल हार्डडिस्क घ्या. ती थेट फोनला लावू नका, बऱ्याच फोनमधून तिला पुरेशी वीज मिळत नाही आणि कॉपी मध्येच तुटते. कॉम्प्युटरमार्फत करा. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत घेणार असाल तर पक्कं बिल मागा. फार स्वस्तातले '२ टीबी'चे पेनड्राइव्ह कुठूनच घेऊ नका. त्यांच्यात खरी जागा थोडी असते, आकडा खोटा लिहिलेला असतो. ती जागा संपली की पुढच्या फाइल नावापुरत्या दिसतात, उघडत नाहीत. नवीन ड्राइव्ह एकदा 'एच२टेस्टडब्ल्यू' या विंडोजवरच्या तपासणीच्या प्रोग्रामने पूर्ण भरून तपासावा, मगच त्यावर भरवसा ठेवावा.

कॉपी करताना 'कट' कधीच नको, 'कॉपी'च. केबल हलली तर कट केलेली फाइल ना इकडे ना तिकडे. कॅमेऱ्याचे फोटो असतात ते अख्खं डीसीआयएम फोल्डर एकदम ओढलंत तर विंडोज बऱ्याचदा लटकतं, म्हणून हजारेक फोटोंचे गट करा. झाल्यावर दोन्हीकडची फाइलसंख्या जुळवा, मधलेच वीस-पंचवीस फोटो आणि मोठे व्हिडिओ डिस्कवरून उघडून बघा. त्यानंतरच फोनमधलं पुसायचं.

औंध रोड:
वरच्याला पूर्ण सहमत, पण एक डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे. ती पडली की संपलं. घरातले जुने फोटो, लग्नमुंजी, आता नसलेल्या माणसांचे व्हिडिओ असे जे पुन्हा मिळणार नाही, ते क्लाउडवरही हवेत.

तुमचे १५ जीबी कशाने भरले ते आधी बघा. ही जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज मिळून एकच आहे. १ जून २०२१ पासून नवे फोटो त्यात मोजले जातात आणि २०२४ मध्ये अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्यात मोजायला लागले. बऱ्याच ठिकाणी तोच दोषी निघतो. व्हॉट्सॲपच्या 'चॅट बॅकअप'मध्ये 'इन्क्लूड व्हिडिओज' बंद करा, पुढच्या बॅकअपला जागा सुटते. जागा पूर्ण भरलेली राहिली तर नवीन मेल येणंही थांबतं, म्हणून हे टाळू नका.

तरी ५८ जीबी मावणार नाहीत. विकतची जागा घ्या किंवा निवडकच चढवा. घरच्या वायफायचा अपलोड वेग २० एमबीपीएस असेल तर ५८ जीबीला साडेसहा तास लागतात, प्रत्यक्षात थोडे जास्तच. रात्री चार्जरला लावून ठेवा, बॅटरी सेव्हर बंद. गूगल फोटोज आपणहून फक्त कॅमेऱ्याचं फोल्डर चढवतं. व्हॉट्सॲपचे फोटो हवे असतील तर 'बॅक अप डिव्हाइस फोल्डर्स'मध्ये ते वेगळं चालू करावं लागतं.

बिबवेवाडीकर:
खूप आभार. चढवून झाल्यावर फोनमधले पुसले तर क्लाउडवरचेही जातील का?

औंध रोड:
कुठून पुसता त्यावर आहे. गूगल फोटोजमध्ये फोटो निवडून कचरापेटीच्या खुणेवर दाबलंत, तर फोनमधूनही जातो आणि क्लाउडवरूनही. 'फ्री अप स्पेस' वापरा. ते बॅकअप झालेल्यांचीच फोनमधली प्रत काढतं. चुकून पुसलेला फोटो बॅकअप झालेला असेल तर ६० दिवस 'ट्रॅश'मध्ये मिळतो.

गंज पेठ:
व्हॉट्सॲपचे ३१ जीबी राहिले. तिथली सेटिंग्ज, 'स्टोरेज अँड डेटा', 'मॅनेज स्टोरेज'. '५ एमबीपेक्षा मोठे' आणि 'अनेकदा फॉरवर्ड झालेले' इथून सुरुवात करा, सुप्रभातचे व्हिडिओ तिथेच सापडतील. मग फाइल मॅनेजरने 'अँड्रॉइड', 'मीडिया', 'कॉम.व्हॉट्सॲप' असं आत जा. 'व्हॉट्सॲप व्हिडिओ'मध्ये 'सेंट' नावाचं फोल्डर असतं, ते गॅलरीत दिसत नाही. वडिलांनी पाठवलेल्या प्रत्येक व्हिडिओची दुसरी प्रत तिथे साठलेली असते. मूळ कॅमेऱ्यात असतील तर या बिनधास्त काढा. फोनच्या ॲप सेटिंग्जमधलं 'क्लिअर डेटा' मात्र दाबू नका, त्याने चॅटच जातात. 'क्लिअर कॅश' चालतं.

डिस्कवर घेतलेल्या व्हॉट्सॲप फोटोंची नावं बदलू नका. पाठवताना फोटोतली तारखेची नोंद निघून जाते आणि कॉपी केल्यावर फाइलची तारीख आजची होऊ शकते. आला तो दिवस मग फक्त नावातल्या आठ अंकांत उरतो.

आणि यंदा ढोल-ताशाचं शूटिंग ४के ऐवजी १०८०पी, ३० फ्रेमवर ठेवा. ४के मिनिटाला साधारण ३५० एमबी खातं, १०८०पी १३० च्या आसपास. लक्ष्मी रोडवर अर्धा तास उभं राहिलात तर फरक साडेसहा जीबीचा पडतो.