मदत हवी आहे: सासऱ्यांचं कानाचं मशीन, फोन आणि तुटलेलं बोलणं

अबोली_१२
सासरे, वय ७६. दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. दोन महिन्यांपूर्वी कानामागे अडकवायचं डिजिटल मशीन घेतलं, नळी आणि कानात बसणारा साचा असलेलं. सेल १३ नंबरचे. अडचणी तीन:
१. फोन कानाला लावला की मशीन शिट्टी मारतं आणि समोरचा काय म्हणतोय ते कळत नाही.
२. दुकानदाराने सेल दहा-बारा दिवस जाईल असं सांगितलं होतं, इथे चौथ्या दिवशी संपतो.
३. हा खरा प्रश्न. नातवंडं जाता जाता 'आजोबा, काय चाललंय?' विचारतात, ते 'हं' म्हणतात, संपलं. जेवताना सगळे बोलत असतात आणि ते ताटात बघत बसतात. हळू बोललं तर ऐकू येत नाही, मोठ्याने बोललं तर 'ओरडू नकोस'. बोलणं सुरू तरी कसं करायचं?
फोन साधा अँड्रॉइड आहे, मशीनला ब्लूटूथ नाही. मशीनच खराब निघालं का?

पोटमाळा
मशीन खराब असेल असं वर्णनावरून वाटत नाही. आधी फोनचं बघू.

या प्रकारच्या मशीनचा माइक कानाच्या भोकात नसतो, कानामागच्या तुकड्याच्या वरच्या अंगाला असतो. बारीक छिद्रं दिसतील बघा. फोन नेहमीसारखा कानावर दाबला की आवाज साच्यावर आपटतो, माइकपर्यंत पोचतच नाही. उलट साच्याच्या कडेतून निसटलेला आवाज फोनच्या काचेवरून परतून माइकमध्ये शिरतो, तो पुन्हा मोठा होतो, पुन्हा निसटतो. शिट्टी म्हणजे हेच चक्र. म्हणून फोनची वरची फट कानाच्या वर-मागे, मशीनपाशी न्या. टेकवू नका, एक-दोन सेंटिमीटर अंतर ठेवा आणि फोन थोडा तिरपा धरा. जागा सापडेपर्यंत घरातल्याच कोणीतरी दुसऱ्या खोलीतून फोन करून एक ते वीस आकडे म्हणत राहावं, तेवढ्यात सासऱ्यांनी फोन इकडेतिकडे सरकवून बघावा.

फोनचा आवाजही बघा. बोलण्याचा आवाज रिंगच्या आवाजापेक्षा वेगळा असतो आणि बहुतेक फोनमध्ये बटणाने तो कॉल चालू असतानाच वाढवता येतो. एरवी बटण कितीही दाबा, उपयोग नाही. सगळ्यात सोपं म्हणजे स्पीकर चालू करून फोन वीतभर अंतरावर धरायचा. फक्त स्पीकरची जाळी बहुतेक खालच्या कडेला असते आणि नेमकी तिथेच बोटं येतात.

फोन जवळ नसतानाही शिट्टी येत असेल तर साचा पुरता बसलेला नाही. एका हाताने कानाची पाळी वर-मागे ओढायची, दुसऱ्याने साचा आत घालायचा आणि साच्याचं वरचं टोक कानाच्या घडीखाली सरकवायचं. हे टोक बाहेर राहणं ही नव्या माणसाची ठरलेली चूक. तरीही शिट्टी थांबली नाही तर कानात मळ आहे का ते डॉक्टरकडून बघून घ्या. घरी काडी घालू नका.

सेलचं नंतर लिहितो.

सेलवाला
मीच लिहितो, नावाला जागतो. हे सेल झिंक-एअर प्रकारचे, हवेवर चालणारे. मागचं स्टिकर काढलं की छिद्रांतून हवा आत जाते आणि सेल जागा होतो. एकदा जागा झाला की वापरा किंवा ठेवा, उतरतोच. स्टिकर परत चिकटवून तो पुरता झोपत नाही. स्टिकर काढून एक-दोन मिनिटं सेल उघडा ठेवा, मगच मशीनमध्ये घाला. घाईने घातला तर मशीन लगेच 'सेल संपला'ची टूंटूं करतं आणि माणूस चांगला सेल फेकून देतो. रात्री मशीन काढल्यावर सेलचं दार उघडं ठेवायचं, तेच बंद करायचं बटण समजा. सेल फ्रिजमध्ये ठेवू नका, दमट होतात.

आणि स्टिकरचा रंग तपासा. १३ नंबर नारिंगी, ३१२ तपकिरी, १० पिवळा, ६७५ निळा. दुकानात १३ नसला की ३१२ हातात टेकवतात. तो व्यासाने सारखाच पण उंचीला कमी, डब्यात खुळखुळतो.

ओवा
सेल गोळ्यांच्या डबीजवळ ठेवू नका. आकार गोळीसारखाच असतो. गिळला गेला तर वाट न बघता थेट हॉस्पिटल. घरात लहान मूल असेल तर हे दुप्पट महत्त्वाचं.

निवांत_दुपार
तिसऱ्या प्रश्नावर. वयाने कमी होणारं ऐकणं बहुतेकदा बारीक, तीव्र आवाजांपासून जातं. बोलण्यातला जोर असतो स्वरांत, अर्थ असतो व्यंजनांत, आणि स, श, फ, थ ही व्यंजनं आधी हरवतात. म्हणून त्यांना 'कोणीतरी बोलतंय' हे कळतं, 'काय' ते कळत नाही. ओरडलं की स्वर फुगतात, 'स' होता तिथेच राहतो. त्यात अशा कानाला ऐकू न येणारा हळू आवाज आणि सहन न होणारा मोठा आवाज यांच्या मधली पट्टी अरुंद झालेली असते. 'ओरडू नकोस' हा तिरसटपणा नाही, त्यांना ते खरंच टोचतं.

तर नातवंडांनी जाता जाता बोलायचं नाही. समोर यायचं, हातभर ते दीड हात अंतरावर, उजेड आपल्या तोंडावर पडेल असं. खिडकीकडे पाठ करून उभं राहिलं तर चेहरा काळा दिसतो आणि ओठ वाचता येत नाहीत. 'आजोबा' म्हणायचं आणि त्यांनी वर बघेपर्यंत थांबायचं. हे थांबणं मुलांना जड जातं, पण सगळं त्यावर आहे. नजर मिळण्याआधी बोललेले पहिले तीन शब्द वाया जातात, आणि विषय त्याच तीन शब्दांत असतो.

मग आधी विषय, नंतर वाक्य. 'क्रिकेट. काल रात्रीची मॅच बघितलीत?' असं. विषय कळला की उरलेलं वाक्य ते अंदाजाने भरतात. 'काय चाललंय?' हा प्रश्नच वाईट, त्याला 'हं'शिवाय उत्तर नाही. त्याऐवजी हातात वस्तू घेऊन जा. गणिताची वही, आंब्याची पेटी, जुना फोटो. 'यातला मागे उभा कोण?' यावर माणूस बोलतो, आणि तो बोलत असताना त्याला ऐकण्याचे कष्ट नसतात.

नाही कळलं तर तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हणू नका, शब्द बदला. 'शनिवारी निघायचंय' नाही कळलं तर 'परवा सकाळी गाडी आहे'. 'ऐकू आलं का?' विचारू नका, मान डोलावतात. 'मग किती वाजता निघू?' विचारा, कळलंय की नाही ते उत्तरात दिसतं. आणि 'काही नाही, जाऊ दे' हे वाक्य घरातून हद्दपार करा. त्या वाक्यानंतरच माणसं ताटात बघायला लागतात.

जेवताना त्यांची पाठ भिंतीकडे, चांगला कान बोलणाऱ्यांकडे. टीव्ही बंद, पंखा एकने कमी, आणि कुकर लावलेला असताना महत्त्वाचं बोलू नका. विषय बदलला की शेजारच्याने दोन शब्द टाकायचे: 'आता लग्नाचं चाललंय'.

अबोली_१२
सगळ्यांचे आभार. फोन वर सरकवला, शिट्टी थांबली! सेलचा घोळही सापडला. पाकीट आणलं की सहाच्या सहा सेलांची स्टिकरं काढून ते डबीत भरून ठेवायचे, नंतर नखाने निघत नाहीत म्हणून. अजून दोन गोष्टी. फोनवर आकडे चुकतात, गॅसवाल्याचा 'साठ' त्यांना 'आठ' ऐकू आला. आणि डॉक्टरांकडे एकटे जातात तेव्हा काय करायचं?

पोटमाळा
साठमधला 'स' गेला की आठच उरतो, सात आणि हातचं तेच. एकोणसाठ, एकोणसत्तर तर चांगल्या कानांनाही चकवतात. आकडे सुटे घ्यायचे: 'सहा, शून्य'. आणि परत म्हणून दाखवायची जबाबदारी सासऱ्यांनी घ्यावी. 'पुन्हा सांगा' ऐवजी 'सहा शून्य म्हणालात ना?' विचारलं की समोरचा न चिडता हो-नाही सांगतो.

डॉक्टरांसाठी गूगलचं 'लाइव्ह ट्रान्सक्राइब' टाका. फुकट आहे, बोललेलं पडद्यावर लिहून दाखवतं, मराठीही चालतं. बऱ्याच फोनमध्ये सेटिंगमधल्या अ‍ॅक्सेसिबिलिटीत आधीच असतं, नसेल तर प्ले स्टोअरवरून घ्या. भाषा मराठी निवडा, अक्षरांचा आकार मोठ्यात मोठा करा, इंटरनेट चालू ठेवा. फोन डॉक्टरांच्या टेबलावर, खालची कड त्यांच्याकडे करून, कारण मुख्य माइक तिथे असतो. दोघं एकदम बोलले की खिचडी होते. औषधांची नावं बेभरवशाची लिहितं, ती चिठ्ठीवरूनच वाचायची. चालू कॉलमधलं बोलणं त्याच फोनवर लिहून मिळेल या भरवशावर राहू नका. त्यासाठी कॉल स्पीकरवर ठेवून दुसरा फोन शेजारी लागतो.

सेलवाला
पावसाळ्याआधी एक. नळीत पाण्याचा थेंब अडकला की आवाज अचानक बंद होतो आणि लोक मशीन दुरुस्तीला नेतात. नळी उजेडात धरून बघा. साचा नळीसकट मशीनपासून सोडवा, रबरी फुग्याच्या फुंकणीने हवा मारा, मग जोडा. साचा कोमट साबणाच्या पाण्यात धुतला तरी चालतो, रात्रभर वाळवून. मशीनला मात्र पाणी नाही, स्पिरिट नाही. रात्री मशीन सिलिका जेलच्या घट्ट डबीत, सेल काढून, कारण जेल सेलातलाही ओलावा ओढतं. निळे खडे गुलाबी झाले की बदला. नळी पिवळी-कडक झाली असेल तर तीही बदलायची, साधारण तीन ते सहा महिन्यांत वेळ येते. शिट्टीचं ते एक लपलेलं कारण.