स्वयंपाक करता करता ख्याल लावला, तर तो ऐकला म्हणायचा का?

मंद्रसप्तक
आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परवा एकाने लिहिलं, "पोळ्या लाटता लाटता अमीर खाँसाहेबांचा मारवा ऐकला. संध्याकाळ सार्थकी लागली." खाली अंगठ्यांचा पाऊस. तिथे भांडण नको म्हणून गप्प बसलो, इथे लिहितो.

आधीच सांगतो, आमच्याकडे रात्रीचा स्वयंपाक मी करतो. आवडीने करतो. तेव्हा "आयतं ताट मिळणाऱ्याने बोलू नये" हे वाक्य कृपया वाचवा.

ख्याल म्हणजे रागाचा विस्तार करत गायचा शास्त्रीय गाण्याचा प्रकार, आणि मारवा हा संध्याकाळचा राग. तो काय प्रकरण आहे बघा. पंचम वर्ज्य, म्हणजे प लावायचाच नाही. रिषभ कोमल, मध्यम तीव्र. रिषभ-धैवतावर रेंगाळायचं आणि षड्ज, म्हणजे सा, शक्य तितका टाळायचा. ऐकणाऱ्याच्या जिवाची पुरेशी घालमेल झाली की मगच सा लावायचा. त्यातून खाँसाहेबांचा लाडका ताल झुमरा, चौदा मात्रांचा, आणि लय अशी की एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, सरायला अर्ध्या मिनिटाहून जास्त लागतं. एवढा वेळ तुम्ही श्वास धरून समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, वाट बघायची, हा त्यातला करार आहे.

आणि ओट्यापाशी काय चाललेलं असतं? चिमणीचा पंखा स्वतःचा एक सा धरून बसलेला असतो. तो गवय्याच्या सा शी जुळत नाही, आणि बंदही होत नाही. गवई जो स्वर लपवून ठेवतोय तिथे हा भलताच स्वर अखंड घुमतोय. समेवर यायला आणि मिक्सर सुरू व्हायला बहुधा एकच गाठ पडते. याला ऐकणं म्हणायचं?

भावगीतं लावा, नाट्यपदं लावा, विविध भारती लावा, माझी काही हरकत नाही. तक्रार विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या, ख्यालापुरती आहे. तो लावायचा तर गॅस बंद करून लावा.

खमंग_फोडणी
"गॅस बंद करून" हे वाचून हसू आलं. गॅस बंद करायचा पर्याय ज्यांना होता त्यांच्यासाठी ठीक आहे हो.

माझ्या आईने आयुष्यभर जे गाणं ऐकलं ते फळीवरच्या रेडिओवर, ओट्याशी उभं राहून. बैठकीला जाणं, कार्यक्रमाची तिकिटं काढणं हे घरातल्या पुरुषांचं. तिला रागांची नावं सांगता यायची नाहीत. पण सकाळच्या सभेत तोडी लागली की "हे डब्याच्या वेळचं" आणि सारंग लागला की "हे मागचं आवरतानाचं" असं बरोबर म्हणायची. आकाशवाणी प्रहर पाळून गाणं लावायची आणि ती प्रहर पाळून स्वयंपाक करायची. कान तयार झाला तो असा. तिचं ऐकणं तुमच्या व्याख्येत बसत नसेल तर व्याख्या बदला.

मंद्रसप्तक
आईंच्या कानाला नमस्कार, मनापासून. पण त्यांना दुसरी वेळ मिळत नव्हती हा अन्याय होता, ती ऐकण्याची पद्धत म्हणून का मिरवायची? आज आपल्याकडे हवं तेव्हा हवं ते लावायची सोय आहे. तरीही आपण नेमका कांदा चिरतानाच मारवा लावतो, याचं मला नवल वाटतं.

तिहाई
संपूर्ण शांततेत, हालचाल न करता गाणं ऐकायचं ही कल्पना आपल्याकडे कधीपासून आली हो? जुन्या मैफलीत पानाचं तबक फिरायचं, दाद मोठ्याने दिली जायची, मध्येच उठून कुणी चहा पिऊन यायचं. संगीत नाटकात तर प्रेक्षक वन्स मोअर घेऊन कथानकच थांबवायचे. सवाई गंधर्व महोत्सव भीमसेनजींनी 1953 साली गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केला. तिथे भारतीय बैठकीत सतरंजीवर आडवे होऊन, वडा खाऊन परत येऊन ऐकणारे तुम्ही पाहिले नाहीत? त्यांच्यातच दर्दी लोक असतात.

आणि ख्याल म्हणजे तासभर, हेही सगळं खरं नाही. 78 आरपीएमच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. अब्दुल करीम खाँसाहेबांपासून सगळ्यांनी तेवढ्यात राग बांधून दाखवला. केसरबाई केरकरांची भैरवी 1977 मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत बसवून अंतराळात पाठवली, तीही साडेतीन मिनिटांचीच आहे. वाटीभर रवा मंद आचेवर भाजायला याहून जास्त वेळ लागतो. तेव्हा ओट्यासाठी जुन्या तबकड्यांचं गाणं लावा, चपखल बसतं.

मांडवीकाठ
केसरबाई आमच्या गोंयच्या, केरी गावच्या, एवढं जाता जाता नोंदवतो. बाकी चालू द्या. त्या बाईंसमोर कुणी नारळ खवत बसला असता तर काय झालं असतं याची कल्पना करतोय.

आजोळ
सगळे गाण्याची बाजू घेऊन भांडताहेत. स्वयंपाकाची बाजू कुणी घेणार आहे का?

मला गाण्याचं फार कळत नाही, पण कानावर सोपवलेली निम्मी कामं ओट्यावर असतात हे कळतं. तूप कढवायचं उदाहरण घ्या. लोणी वितळलं की आधी जाड फेस येतो आणि आवाज भरड असतो, कारण आत ताकाचं पाणी असतं. पाणी उडत जातं तशी तडतड बारीक होते. मग एक क्षण असा येतो की पातेलं जवळजवळ गप्प होतं. पाणी संपलं. आता तळाची बेरी बदामी व्हायला लागणार. इथून पुढे मिनिटा-दोन मिनिटांचा खेळ आहे, चुकलं तर तूप करपट. ती शांतता ऐकू यायला हवी, आणि ती कोणत्याही स्पीकरच्या आवाजात ऐकू येत नाही.

मोहरीचंही तेच. तडतड सुरू झाली की नाही, त्याहून ती ओसरली कधी हे महत्त्वाचं, तेव्हा हिंग. चकली तेलात टाकल्यावरचा खळखळाट कमी झाला की झाऱ्या लावायचा. नवशिकी सून घड्याळ बघते, मुरलेली बाई दुसऱ्या खोलीतून ओरडते, "अगं, झालं ते, काढ!" (सुनेच्या जागी हल्ली मुलगा घाला, फरक पडत नाही.)

त्यामुळे मंद्रसप्तक यांना माझा पाठिंबा, पण उलट्या कारणासाठी. ख्यालाचा अपमान होतो की नाही हे खाँसाहेब बघून घेतील. तुपाचा होतो.

मंद्रसप्तक
आजोळ, हा मुद्दा मला सुचायला हवा होता. तूप अगदी बरोबर. म्हणजे एका वेळी दोन जागी कान देता येत नाही, हेच दोन्ही बाजूंनी सिद्ध झालं.

गिरणीची_रांग
काही सिद्ध झालं नाही. मराठी बाईचं गाणं जन्मालाच कामात आलंय. जात्यावरच्या ओव्या कुठल्या सभागृहात झाल्या? हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्या पहाटे दळताना म्हटलेल्या. नवरा, सासू, भाऊ, विठ्ठल, आंबेडकर, सगळं त्यात आहे. विजेची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं आणि ओवीही मागे पडली. काम थांबलं म्हणून गाणं थांबलं! आणि तुम्ही सांगताय काम थांबवून गाणं ऐका.

मंद्रसप्तक
ओवीचा दाखला माझ्या विरोधात नाही, माझ्या बाजूने आहे. ओवी दळणारीच म्हणते. हात फिरतो त्याच फेऱ्यावर ओवीची चाल फिरते, दम लागला की ओळ संपते. काम आणि गाणं यांची लय एकच. ब्लूटूथ स्पीकरवरच्या झुमऱ्याची आणि तुमच्या लाटण्याची लय एक आहे का? असेल तर पोळी मिनिटाला अर्धी होईल.

तुम्ही स्वतः ओट्याशी उभं राहून बेसूर का होईना गात असाल, तर माझा शब्द मागे. गात राहा.

खमंग_फोडणी
वा. म्हणजे शेजाऱ्यांना माझा बेसूर चालेल पण अमीर खाँ चालणार नाहीत.

तिहाई
लोकांनी काय आणि कसं ऐकावं हे वरून ठरवलं की काय होतं, याचा एक प्रयोग या देशात होऊन गेलाय. 1952 साली बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले, आपल्या पुण्याचेच. चित्रपटगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते असं त्यांचं ठाम मत. आकाशवाणीवर सिनेसंगीत आटलं, शास्त्रीय संगीताचा वेळ वाढला. लोक शास्त्रीय संगीताकडे वळले का? लोकांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावलं. शेवटी 1957 मध्ये विविध भारती काढावी लागली.

मला हे सांगायचंय की ऐकण्याच्या बाबतीत सोवळं पाळायला लावलं की माणूस निमूटपणे दुसरं स्टेशन लावतो. "ख्याल लावायचा तर गॅस बंद करून" असं पोरांना सांगा, ती गॅस चालूच ठेवतील आणि ख्याल बंद करतील.

मंद्रसप्तक
केसकरांच्या पंगतीत मला बसवू नका, मी सिनेसंगीतावर वाढलोय. पण केसकरांच्या काळात गायक-वादकांना आकाशवाणीचा मोठा आधार झाला, आणि खमंग_फोडणी यांच्या आईंनी ज्या सकाळच्या सभेत तोडी ऐकली तीही त्याच धोरणाची पुण्याई असू शकते. सगळं एका फटकाऱ्यात निकालात काढू नका.

शिवाय पुणे केंद्रावरून 1955-56 मध्ये गीतरामायण लागायचं तेव्हा लोक काय करायचे? रेडिओला हार घालून समोर बसायचे असं आपण सगळ्यांनी घरच्यांकडून ऐकलंय. सुगम संगीतासाठी हातातलं काम ठेवून बसणारे लोक होते, मग ख्यालासाठी बसा म्हटलं तर मी हुकूमशहा?

गिरणीची_रांग
हार घालून समोर बसणाऱ्यांचा चहा कोण टाकत होतं, तेही विचारा एकदा घरच्यांना.

निमूट_वाचक
सहसा लिहीत नाही. मेलबर्नला राहतो, एकटा. इथे जूनमध्ये सूर्य पाचनंतर थोड्याच वेळात मावळतो. कामावरून येऊन कुकर लावतो तेव्हा बाहेर अंधार झालेला असतो. त्या वेळी भीमसेनजींचे अभंग लावतो, कधी मारवा-पूरियाही.

खरं सांगायचं तर निम्म्या वेळी मी ते ऐकत नाही. घरात आवाज असावा म्हणून लावतो. कुणी तंबोरा जुळवतंय, मागे कुणी "क्या बात है" म्हणतंय, कुणी खोकतंय. जुन्या मैफलींच्या रेकॉर्डिंगमधला तो खोकणारा माणूस मला आवडतो. वरणाला फोडणी घालताना तो सोबत असतो. याला संगीत ऐकणं म्हणू नका हवं तर. पण बंद करा असंही म्हणू नका.

मंद्रसप्तक
नाही म्हणणार. सोबतीसाठी लावलेलं गाणं वेगळं, त्यावर माझं काही म्हणणं नाही. माझा आक्षेप "ऐकला" या दाव्याला आहे, आणि तुम्ही तो दावाच करत नाही आहात. ग्रुपवरच्या त्या गृहस्थांपेक्षा तुम्ही प्रामाणिक.

मांडवीकाठ
मी हल्ली रहस्यकथा ऐकतो मासे साफ करताना. परवा खुनी कोण ते कळायच्या वेळी नळ सोडला. परत मागे नेऊन ऐकायला हात खवल्यांनी भरलेले. सोलकढी होईपर्यंत खुनी मोकाटच फिरत होता. तेव्हा प्रश्न फक्त ख्यालाचा नाही.

खमंग_फोडणी
ऐकण्याच्याही जाती असतात, पहिल्या ऐकण्याचं वेगळं आणि पन्नासाव्याचं वेगळं, हे कुणीच बोललं नाही. मी पहिल्यांदा एखादं रेकॉर्डिंग ऐकते ते रात्री, दिवा मालवून, हेडफोन लावून. त्यानंतर ते ओट्यावर येतं. तोवर जागा पाठ झालेल्या असतात. मिक्सरने सम खाल्ली तरी ती कुठे पडली ते मला ठाऊक असतं, मी मनात घेते. उलट आमटी ढवळताना एखादी तान अशी अचानक कानात शिरते की इतकी वर्षं ही ऐकलीच नव्हती असं वाटतं. लक्ष देऊन बसलं की आपण ओळखीच्या जागांचीच वाट बघत बसतो.

मंद्रसप्तक
पाठ झालेलं रेकॉर्डिंग ओट्यावर, हे मान्य. नवं मात्र बसूनच. याहून खाली मी उतरणार नाही.

तिहाई
घासाघीस बरी जमते की तुम्हाला. मंडईत पाठवायला पाहिजे.

सोलापुरी
गाण्याचं झालं असेल तर मला आजोळ यांना विचारायचंय. तूप कढवताना शेवटी विड्याचं पान टाकतात ना? पान टाकलं की ते परत तडतडतं. मग तुमची ती शांतता कशी ओळखायची?

आजोळ
पान बेरी बदामी झाल्यावर, गॅस बंद करून टाकायचं. तेव्हा ऐकायचं काही उरलेलं नसतं.

सोलापुरी
आमच्याकडे गॅस चालू असतानाच टाकतात. पान कुरकुरीत झालं की तूप झालं, अशी खूण.

आजोळ
मग ती बेरी आमच्याकडे कुणी खाणार नाही. यावर वेगळा धागा काढा, सविस्तर लिहिते.